घरी येणाऱ्या सेविका टिकाव्यात आणि सेवा सुधारावी यासाठी तंत्रज्ञान: कोकणातील अनुभव आणि काही प्रश्न

खाडीकाठ (धागाकर्ती)

दापोली आणि गुहागर तालुक्यांत घरी जाऊन ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्या सेविका आमची संस्था पुरवते. संस्था लहान आहे, परंतु गेल्या काही वर्षांत जो अनुभव गाठीशी आला तो इथे मांडावा आणि इतरांचा सल्ला घ्यावा, या हेतूने हा धागा काढत आहे. घरोघरी जाणाऱ्या सेविका कामावर टिकाव्यात आणि त्यांच्या हातून होणारी सेवा चांगली व्हावी, यासाठी मोबाईल आणि संगणक यांचा उपयोग नेमका कसा करावा, हा माझा प्रश्न आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली आणि त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कमावता माणूस मुंबईला गेला आणि घरात म्हातारी माणसे व बायका राहिल्या, ही वाडीवाडीची कथा त्या आकड्यांत आहे. म्हणजे देखभालीची गरज असलेली घरे भरपूर आहेत आणि काम करण्याची इच्छा असलेल्या स्त्रियाही आहेत. तरीही सेविका टिकत नाहीत. चार-सहा महिने काम शिकतात, हात बसतो, आणि मग एक दिवस निरोप येतो की उद्यापासून जमणार नाही.

काम सोडणाऱ्या प्रत्येकीशी मी सवडीने बोलते. पगार कमी पडतो हे कारण खरेच आहे, पण बहुतेकींच्या बोलण्यात ते पहिले येत नाही. काजूच्या कारखान्यात सुटण्याची वेळ ठरलेली असते आणि सोबतीला चार बायका असतात, हे पहिले येते. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना एसटीची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, हे येते. रात्री नऊ वाजता फोन येतो आणि उद्याचे घर बदलते, हे येते. रुग्णाची देखभाल करायला म्हणून गेलेल्या बाईला भांडी, अंगणाची झाडलोट आणि आल्यागेल्याचा चहा हेही करावे लागते. आणि सर्वांत जास्त वेळा येते ते असे, की रुग्णाचे काही बिनसले तर विचारायला कोणी नसते आणि बोल मात्र आपल्याला लागतो.

सेविका टिकणे आणि सेवेचा दर्जा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मी मानत नाही. आजी रोज वाटीभर पेज घेतात आणि आज दोन घोटांवर थांबल्या, हे कालपरवा आलेल्या बदली बाईला कळण्याची शक्यता नाही. सहा महिने त्या घरात वावरलेल्या बाईला ते तत्काळ कळते. तीच बाई निघून गेली तर तिच्याबरोबर हे सगळे ज्ञान निघून जाते, आणि कोणतेही अ‍ॅप ते भरून काढू शकत नाही. म्हणून आम्ही ठरवले की जे तंत्रज्ञान आणायचे ते आधी सेविकेच्या उपयोगाचे असले पाहिजे, मुंबईत बसलेल्या कुटुंबाच्या किंवा आमच्या कार्यालयाच्या सोयीचा विचार त्यानंतर.

पहिला बदल पाळ्यांच्या वेळापत्रकात केला. पुढच्या दोन आठवड्यांच्या पाळ्या सेविकेच्या मोबाईलवर आधीच दिसतात, आणि बदल करायचा असेल तर तिने होकार दिल्याशिवाय तो पक्का होत नाही. ती नाही म्हणाली तर कारण विचारले जात नाही. हे लिहायला सोपे आहे, पण यासाठी आम्हांला एक तयार प्रणाली सोडावी लागली. त्या प्रणालीने दाभोळच्या सेविकेला धोपाव्याचे घर जवळचे म्हणून नेमून दिले होते, कारण नकाशावर दोन्ही गावे समोरासमोर आहेत. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोट असेल तर दोन्ही काठ शेजारी आहेत, आणि शेवटची फेरी सुटून गेली तर चिपळूणवरून वळसा घालावा लागतो. सरळ रेषेत अंतर मोजणारी कोणतीही व्यवस्था कोकणात उपयोगाची नाही, आणि रस्त्याचे अंतर मोजणारीही पुरेशी नाही, कारण रस्ता संपल्यावर पाखाडीच्या पायऱ्या उतरून वाडीत जावे लागते. आता प्रत्येक घराला पोहोचायला लागणारा वेळ सेविकांनीच नोंदवलेला आहे आणि वेळापत्रक त्यावर चालते.

दुसरा बदल पैशांचा. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जातो. पाळी संपली की तिचे तास, प्रवास, कपात आणि हातात पडणारी रक्कम तिला मोबाईलवर दिसते. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातात. महिन्याच्या शेवटी हिशेबावरून होणारे वाद जवळजवळ थांबले.

तिसरा बदल नोंदींचा, आणि त्याच ठिकाणी आम्ही अडलो आहोत. कागदी तक्त्याऐवजी सेविकेने पाळी संपताना आपल्या बोलीत मिनिटभर आवाज मुद्रित करावा, अशी सोय केली. पुढच्या पाळीची सेविका घरात शिरण्याआधी तो ऐकते. आमची परिचारिका दररोज सगळे संदेश ऐकते, पण घरे वाढली तर हे कसे जमेल हा प्रश्न आहे. नेमके काय नोंदवावे, कुटुंबाला किती दाखवावे, कॅमेऱ्याची मागणी आली तर काय उत्तर द्यावे, आणि पावसाळ्यात वीज व रेंज दोन्ही गेल्यावर काय करावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माजघर

मी ठाण्यात असते आणि माझी आई गुहागर तालुक्यात एकटी असते. तिला स्मृतिभ्रंश आहे. घरी दिवसपाळीला आणि रात्रपाळीला सेविका येतात. त्या आमच्या घरच्यासारख्या आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही मी कॅमेऱ्याची मागणी करणाऱ्यांपैकी आहे, आणि त्यामागची बाजू मांडली जावी असे वाटते.

आई फोनवर नीट सांगू शकत नाही. तिने दुपारी जेवले का, हे विचारले तर ती कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते, आणि दोन्ही वेळा तिला तसेच वाटत असते. गेल्या वर्षी तिच्या दंडावर काळानिळा डाग दिसला तेव्हा तो कशाने झाला हे मला आठवडाभर कळले नाही, आणि त्या आठवड्यात मनात नको ते विचार येऊन गेले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांमुळे किरकोळ धक्क्यानेही असे डाग पडतात. इतक्या अंतरावरून विश्वास ठेवायचा तर डोळ्यांना काहीतरी दिसावे लागते. तंत्रज्ञान आधी सेविकेसाठी, हे तत्त्व मला समजते. पण स्वतः बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाजूने कोण पाहणार, याचे उत्तर त्यात कुठे आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

रात्रपाळी

मी कुडाळ परिसरात काम करते. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची देखभाल शिकवणारा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि बहुतेक रात्रीच्या पाळ्या करते. या विषयावर आम्हां सेविकांचे म्हणणे सहसा कोणी विचारत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी मी ज्या ब्युरोतर्फे काम करत होते तिथे घरात एक मोठा तक्ता असायचा. दर तासाला त्यात खुणा करायच्या: पाणी, लघवी, कूस, औषध, डायपर. तो तक्ता महिन्याच्या शेवटी कोणीतरी घेऊन जायचे आणि नवा टांगायचे. त्यात मी जे लिहिले त्याबद्दल मला कधी एकाही माणसाचा फोन आला नाही. मग काही मुली सगळ्या खुणा पहाटे एकदमच करायच्या, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण कोणी वाचतच नसेल तर रुग्णाकडे पाहावे की कागदाकडे, हा प्रश्न पडतोच.

आता ज्या संस्थेत आहे तिथला एक प्रसंग सांगते. अर्धांगाने अंथरुणावर पडलेले एक आजोबा होते. अंगाने भारी, आणि रात्री मी एकटी. दर दोन तासांनी कूस बदलताना कमरेखाली आडवी घातलेली चादर धरून त्यांना आपल्याकडे ओढायचे, पाठीशी उशी लावायची आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवायची. एका रात्री त्यांच्या उजव्या टाचेला हात लावला तर ती दुसऱ्या टाचेपेक्षा गरम आणि थोडी घट्ट लागली. रंग फारसा बदललेला नव्हता. सावळ्या कातडीवर लाली उशिरा दिसते, म्हणून हाताने चाचपून पाहावे, असे आम्हांला शिकवलेले आहे. मी मोबाईलवर तेवढेच बोलून ठेवले. थोड्याच वेळात परिचारिका ताईंचा फोन आला. पोटरीखाली उशी घालून टाच गादीपासून अधांतरी ठेवायला त्यांनी सांगितले आणि सकाळच्या सेविकेने घरात येण्याआधीच ते ऐकलेले होते. टाचेला जखम झाली नाही.

त्या रात्री मला समजले की मी बोलले तर कोणीतरी ऐकते. नंतर मुंबईहून जास्त पगाराचे काम सांगून आले होते, पण मी गेले नाही.

कॅमेऱ्याबद्दल माजघर यांना माझी नम्र विनंती आहे. तुमची काळजी मला पूर्ण समजते. पण आईंना आंघोळ घालणे, कपडे बदलणे, डायपर काढणे हे सगळे त्याच खोलीत होते. शुद्धीत असत्या तर त्यांना ते चित्र कुठेतरी साठवलेले आवडले असते का, याचाही विचार करावा. कॅमेरा पडवीत किंवा दारावर लावला तर माझी हरकत नाही. खोलीत लावला तर दिवसभर आपण संशयित असल्यासारखे वाटते, आणि तसे वाटणारी बाई पहिली संधी मिळताच निघून जाते.

वैद्यकीय नोंद

मी मालवण भागात वैद्यकीय व्यवसाय करतो आणि घरी जाऊन रुग्ण पाहतो. रात्रपाळी यांनी जे टाचेबद्दल लिहिले आहे ते काळजीपूर्वक वाचावे, कारण दर्जा म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम, एकदा उघडले की ते भरून यायला अनेकदा महिने लागतात. आणि हवेची गादी असली तरी कूस बदलणे सुटत नाही, हे कुटुंबांनी ध्यानात घ्यावे.

नेमके काय नोंदवावे, या धागाकर्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की आकडे कमी करा आणि बदल विचारा. वृद्ध माणसाला जंतुसंसर्ग झाला तर प्रत्येक वेळी ताप येतोच असे नाही. आधी खाणे कमी होते, माणूस गप्प होतो, दिवसा झोपून राहतो किंवा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागतो. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी तयार झालेला 'स्टॉप अँड वॉच' नावाचा एक साधा तक्ता आहे. त्यात असेच १२ बदल आहेत: नेहमीपेक्षा वेगळे वाटणे, कमी बोलणे, कमी खाणे, कमी पिणे, तीन दिवस शौचाला न होणे, चालायला जास्त आधार लागणे, त्वचेत फरक पडणे इत्यादी. यासाठी पदवी लागत नाही, पण रुग्णाची रोजची ओळख लागते, आणि म्हणून हा तक्ता टिकून राहिलेल्या सेविकेच्या हातातच खरा उपयोगी पडतो. हे बारा प्रश्न आवाजी नोंदीच्या शेवटी चित्रांच्या रूपाने विचारले आणि त्यांपैकी एकाचे जरी उत्तर 'होय' आले तरी तो संदेश परिचारिकेच्या यादीत सर्वांत वर यावा, अशी रचना केली, तर सगळे संदेश सारख्याच लक्षाने ऐकण्याचा भार कमी होईल.

यंत्रांविषयी एक सूचना. रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थंड हातांवर किंवा नखांना रंग असेल तर चुकीचा आकडा दाखवू शकतो. सेविकेला त्या आकड्याचा अर्थ शिकवलेला नसेल तर रात्री-अपरात्री विनाकारण धावपळ होते, आणि तीन-चार वेळा तसे झाले की चौथ्या-पाचव्या वेळी खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष होते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर आधी गोड काय व किती द्यायचे, रुग्ण गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, नळीतून भरवताना डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवायचे आणि भरवल्यावर लगेच आडवे करायचे नाही, अशा सूचना त्या-त्या रुग्णापुरत्या, सेविकेच्या भाषेत, एका बोटावर ऐकता आल्या पाहिजेत. औषधांच्या आठवणीचा गजर वाजतो आणि 'दिली' असे बटण दाबले जाते. पण गोळी गालात धरून ठेवणारे रुग्ण असतात. म्हणून बटणावर 'गिळली' असे असावे. सरकारी ई-संजीवनी सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येते, तिचाही उपयोग सेविकांना शिकवावा.

जांभा

मी सावंतवाडीत राहून सॉफ्टवेअरचे काम करतो. रेंज आणि वीज यांबद्दल लिहितो.

अ‍ॅप कोणतेही असो, ते रेंज नसताना पूर्ण चालले पाहिजे. नोंद आधी मोबाईलमध्येच साठते आणि रेंज मिळाली की आपोआप पुढे जाते, अशी रचना सुरुवातीलाच करावी लागते. नंतर ती जोडता येत नाही. दोन सेविकांनी रेंजबाहेर असताना एकाच रुग्णाची नोंद केली तर दोन्ही ठेवाव्यात, एकीने दुसरी पुसू नये. आवाजाची फाईल लहान करून पाठवावी. सेविकेचा मोबाईल साधा आणि जुना असतो आणि तोच घरातल्या मुलांच्या हातात असतो, हे धरून चालावे. संस्थेने मोबाईल दिला तर उत्तमच, आणि नेटचा खर्च तरी संस्थेने उचललाच पाहिजे.

आवाजावरून आपोआप मजकूर करणाऱ्या सोयी आता मराठीत उपलब्ध आहेत, पण मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीवर त्या अडखळतात. "माका बरा वाटणा नाय" असे आजींनी सांगितलेले सेविकेने तसेच बोलून ठेवले, तर यंत्राने त्याचे भलतेच काही करू नये. म्हणून मूळ आवाज नेहमी जपून ठेवावा आणि मजकूर केवळ शोधण्यापुरता वापरावा. निर्णय मजकुरावरून घेऊ नये.

वादळाच्या दिवसांसाठी वेगळी तयारी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती आणि मोबाईलही बंद होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी ऑक्सिजन काढणारे यंत्र आणि हवेची गादी दोन्ही बंद पडतात. म्हणून प्रत्येक घरात छापील एक पान भिंतीला लावलेले असावे: औषधे, मात्रा, डॉक्टर, जवळचा भरलेला सिलिंडर कुठे आहे, आणि चालत पोहोचू शकेल अशी शेजारची सेविका कोण. हे पान प्रणालीतूनच दर महिन्याला छापून निघाले तर ते जुने होत नाही.

खाडीपलीकडे

मी नेदरलँड्समध्ये असते, माहेर वेंगुर्ल्याचे. तंत्रज्ञान कोणाच्या बाजूने उभे राहते यावर बरेच अवलंबून असते, याची दोन उदाहरणे देते.

अमेरिकेत २०१६ च्या एकविसाव्या शतकातील उपचारविषयक कायद्याने मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पैशातून होणाऱ्या घरगुती सेवांसाठी प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची केली. कोणती सेवा, कोणाला, कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपली, या सहा गोष्टी नोंदवाव्या लागतात. खोटी बिले थांबावीत हा हेतू रास्त होता. पण अनेक ठिकाणी जीपीएसने माग ठेवला जाऊ लागला, तेव्हा आपण कुठे जातो हे सरकारला का कळावे, असा आक्षेप अपंग व्यक्तींनी स्वतः घेतला, आणि रेंज नसल्यामुळे नोंद न झालेल्या भेटींचे पैसे अडकतात अशा तक्रारी सेविकांनी केल्या. त्या सहाही गोष्टींत रुग्ण कसा आहे हे मात्र कुठेच विचारलेले नाही.

इकडे नेदरलँड्समध्ये घरी जाऊन शुश्रूषा करणारी बुर्टझोर्ख नावाची संस्था आहे. योस दे ब्लोक यांनी काही सहकाऱ्यांबरोबर ती २००६ मध्ये सुरू केली. जास्तीत जास्त १२ परिचारिकांचा एक गट एका वस्तीची जबाबदारी घेतो, पाळ्या, नवीन माणूस निवडणे आणि कामाची वाटणी तो गट स्वतः ठरवतो, आणि वर अधिकाऱ्यांची उतरंड नाही. त्यांची संगणकप्रणाली गटाला हे सगळे ठरवता यावे आणि दुसऱ्या गटांना प्रश्न विचारता यावेत यासाठी बांधलेली आहे. अर्थात इकडे दीर्घकालीन देखभालीसाठी सार्वजनिक विमा आहे आणि परिचारिका पूर्ण प्रशिक्षित आहेत, तेव्हा तसेच्या तसे कोकणात उचलता येणार नाही. परंतु दाभोळच्या पाच-सहा सेविकांनी आपल्या पाळ्या आपसांत ठरवाव्यात आणि प्रणालीने त्यांना त्यात मदत करावी, हे अशक्य वाटत नाही.

तालुका न्यायालय

कायद्याच्या अंगाने थोडक्यात लिहितो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सुधारणा करणारे २०१९ चे विधेयक घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष यांबद्दल बोलत होते, पण ते संमत झाले नाही. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या सेविकेचा पगार त्यातून मिळत नाही.

सेविकेच्या सुरक्षिततेचा मुद्दा वर आला नाही म्हणून नमूद करतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानलेले आहे, आणि जिथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. अ‍ॅपमध्ये एक बटण असे असावे की ते दाबताच संस्थेतील जबाबदार स्त्री अधिकाऱ्याला फोन लागेल, आणि त्या घरी पुन्हा न जाण्याचा निर्णय सेविकेला पगार न गमावता घेता येईल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही पाळावा: माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी आणि तेवढ्यापुरतीच ती वापरावी. आवाजी नोंदी किती दिवस ठेवणार हे लिहून द्यावे.

माजघर

रात्रपाळी यांचे लिहिणे मी पुन्हा पुन्हा वाचले. आईच्या खोलीतला कॅमेरा मी मागणार नाही. पण मला दोन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या मागणे अवाजवी नाही असे वाटते. संध्याकाळी एकदा आईबद्दलचा सेविकेचा संदेश मला ऐकता यावा. आणि अंगावर डाग, पडणे, खरचटणे असे काही झाले तर ते त्याच दिवशी मला कळवले जावे, त्यासाठी सेविकेला दोष दिला जाणार नाही हे संस्थेने आणि मी दोघांनी लेखी मान्य करावे. दोषाची भीती असली की गोष्टी लपवल्या जातात, आणि मग मी इतक्या दूर बसून कल्पना करत राहते.

खाडीकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून आम्ही काही गोष्टी लगेच हाती घेत आहोत.

बारा बदलांचे प्रश्न चित्रांसह नोंदीला जोडतो, आणि 'होय' आलेले संदेश वर आणतो. औषधाच्या बटणावरचा शब्द बदलतो. माजघर यांच्या दोन्ही मागण्या मान्य आहेत. कुटुंबाशी होणाऱ्या करारात तशी कलमे घालतो, आणि त्याच करारात सेविकेने कोणती कामे करायची नाहीत याचीही यादी देतो. देखभालीच्या खोलीत कॅमेरा नाही, हा नियम सर्व घरांना सारखा राहील. जिथे कुटुंब हे मान्य करणार नाही, तिथे आम्ही सेवा देणार नाही. उत्पन्न घटले तरी चालेल.

जीपीएसबद्दल मी साशंक होते आणि खाडीपलीकडे यांचे लिहिणे वाचून ती शंका दृढ झाली. सेविका घरी पोहोचली हे तिने स्वतः बटण दाबून सांगावे. वाटेत ती कुठे आहे हे आम्हांला कळण्याची गरज नाही. रात्रीच्या वेळी उशीर झाला तर काळजीने फोन करणारे माणूस मात्र नेमलेले असावे. गटाने पाळ्या ठरवण्याची कल्पना दाभोळमध्ये करून पाहू. त्यात नव्या मुलीच्या वाट्याला सगळ्या अवघड पाळ्या येऊ नयेत, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

रात्रपाळी

आणखी एक विषय राहिला, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा आहे. गणपतीत आणि शिमग्यात प्रत्येकीला घरी असावेसे वाटते. दरवर्षी त्या दिवसांत सुट्टी नाकारली जाते आणि दरवर्षी त्याच कारणाने काही जणी काम सोडतात. खरे पाहता गणपतीला मुंबईकर मंडळी गावी येतातच. म्हणजे त्या दिवसांत बऱ्याच घरांत माणसे असतात. कोणत्या घरी कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार हे जर आधी कळले, तर त्या घरच्या सेविकेला तेवढे दिवस मोकळे करता येईल. यासाठी मोठी प्रणाली नको. जून-जुलैमध्ये, रेल्वेची आरक्षणे झालेली असतात तेव्हा, कुटुंबांनी तारखा भराव्यात असे एक पान पुरेल. मात्र येणाऱ्या नातेवाइकांना कूस कशी बदलायची, नळीतून कसे भरवायचे हे आम्ही निघण्याआधी अर्धा दिवस बरोबर राहून दाखवले पाहिजे, आणि त्या अर्ध्या दिवसाचा पगार मिळाला पाहिजे.

माजघर

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो आणि मी व माझा भाऊ आठवडाभर आईजवळ असू. पान तयार झाले की तारखा भरते. दिवसपाळीच्या ताईंनी मला आंघोळ घालण्याची पद्धत दाखवावी, कारण आई त्यांच्या हातून शांतपणे आंघोळ करते आणि माझ्या हातून करत नाही.

खाडीकाठ (धागाकर्ती)

पान या आठवड्यात तयार करते. त्यात तारखांबरोबर, नातेवाइकांपैकी रात्री रुग्णाच्या खोलीत कोण झोपणार आहे, हेही विचारते, कारण घर माणसांनी भरलेले असूनही रात्री रुग्णाजवळ कोणी नाही असे सणात होते. शिकवण्याच्या अर्ध्या दिवसाचा पगार संस्था देईल. ज्या घरांत यंदा कोणीच येणार नाही त्यांनी आधी कळवावे. सणात काम करायला तयार असलेल्या सेविकांना जादा मोबदला देऊन त्यांच्या पाळ्या त्या घरांपासून लावायला घेऊ, आणि या वर्षी गणपतीत काम केलेल्या सेविकेला शिमग्याची सुट्टी सर्वांआधी मिळेल.